कन्याशाळेच्या कोपऱ्यावरचा बाक

नेमगोंडा मगदुमांना आळगुंदात एक बाक बसवायचा होता. सिमेंटचा, चार माणसांचा, पाठीला टेकण असलेला. याहून जास्त काही करायचा त्यांचा विचार नव्हता, आणि पुढं जे झालं त्यातलं काहीही त्यांनी केलं नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. गावातले निम्मे लोक अजून ते मानत नाहीत.

अण्णा, म्हणजे नेमगोंडा, टपालखात्यातून सब-पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले. त्यांची बायको त्रिशलाबाई सरकारी दवाखान्यात नर्स. दवाखाना आठ मैलांवरच्या खेड्यात, त्यामुळं बावीस वर्षं त्या रोज सकाळी कन्याशाळेच्या कोपऱ्यावर गडहिंग्लजच्या एसटीची वाट बघत उभ्या राहायच्या. पन्नाशीतच गुडघे गेले. मागच्या थंडीत पंधरा दिवसांच्या दुखण्यात त्या स्वतःही गेल्या. जैनाच्या घरात श्राद्ध नाही, पिंड नाही, कावळ्याची वाट बघणं नाही. मग वर्ष होईल त्या दिवशी करायचं काय, हा प्रश्न अण्णांपुढं उभा राहिला.

सल्ल्याला तोटा नव्हता. भिंतीला भिंत लागून हंबीरराव शिंत्र्यांचं घर. दोघं पहिलीपासून एका पाटीवर शिकलेले. हंबीररावांनी सांगितलं, "अण्णा, बस्तीच्या देवळाला कपाट दे. लोखंडी. त्याच्यावर नाव घालत्यात." पुण्याहून लेक अनुजानं फोनवर सांगितलं की अनाथाश्रमाला ऑनलाइन देणगी द्या, लगेच पावती येते. कुणी शाळेला पंखे सुचवले, कुणी स्मशानाला पाण्याची टाकी. अण्णांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ती जिथं उभी राहायची तिथं एक बाक बसवतो."

"बाक?" हंबीरराव म्हणाले. "बाक नगरसेवक बसवतो लेका. तू कशाला बसवतोस?"

हा नुसता टोमणा नव्हता, ही धोक्याची घंटा होती. पण टपालखात्यात माणूस छत्तीस वर्षं राहिला की त्याला शिक्का दिसतो, घंटा ऐकू येत नाही.

इथं आळगुंदाबद्दल चार शब्द सांगावे लागतील. गावात दोन गट आहेत, वरचा आणि खालचा. पक्ष येतात, फुटतात, नावं बदलतात. मुंबईला काहीही होवो, आळगुंदात त्याचा अर्थ वरचं का खालचं, एवढाच. वरच्यांची गिरणी वेगळी, खालच्यांची वेगळी. न्हावी वेगळा, दूधडेअरी वेगळी, डॉक्टर वेगळा. खालच्याचा ताप वरच्याच्या गोळीनं उतरत नाही, असा दोन्ही बाजूंचा अनुभव आहे. स्मशानात शेड एकच आहे, पण चौथरे दोन आहेत.

निवडणूक जवळ आली की दोन्हीकडचे जाणते मतदारयादी घेऊन बसतात. शिंत्रे एकोणीस, वरची. नाईकवाडे तेवीस, खालची. परटाची सात, त्यातली थोरल्याची चार वरची, धाकट्याची तीन खालची, आणि म्हातारीचं ज्याच्या घरात जेवण असेल त्याचं. अशी घरटी मोजणी चालते आणि ती दोन-चार मतांपलीकडं कधी चुकत नाही. फक्त एका घरापुढं दोन्ही याद्यांत सारखीच खूण असायची. मगदूम दोन, आणि पुढं प्रश्नचिन्ह.

ते प्रश्नचिन्ह ही अण्णांची जन्माची कमाई होती. पोस्टमास्तर कुणाचा नसतो, असं ते म्हणायचे. कुणाच्या प्रचाराच्या जेवणाला ते गेले नाहीत, कुणाच्या जीपमध्ये चढले नाहीत. मत कुणाला दिलं हे त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नाही. तिनंही कधी विचारलं नाही.

तर असे अण्णा अर्ज घेऊन नगरपंचायतीत गेले. तिथला कारकून सयाजी त्यांच्या ओळखीचा. लहानपणी त्रिशलाबाईंनी त्याला सुई टोचली होती आणि तो अजून ते विसरला नव्हता.

"अण्णा, बाकाचा फारमच न्हाई आमच्याकडं," तो म्हणाला. "बाक वरनं येत्यात, मंजूर होऊन. सौजन्य छापूनच येतंय. कुणी खासगीत आणल्यालं मी बघितलं न्हाई. कमानीचा फारम हाय, बोर्डाचा हाय, पुतळ्याचा हाय."

शेवटी पुतळ्याचा फॉर्म भरायचं ठरलं, कारण त्यात 'स्मरणार्थ' हा शब्द होता. पुतळा पूर्णाकृती का अर्धाकृती, या रकान्यात सयाजी बराच वेळ अडला आणि मग त्यानं 'आसनस्थ' असं लिहिलं. तो अर्ज जिल्ह्याला गेला आणि तिथनं विचारणा आली, की सदर व्यक्तीचं राष्ट्रीय कार्य काय. अण्णांनी उत्तर लिहिलं : तीन हजार बाळंतपणं. त्यावर दोन महिने काही आलं नाही. बहुतेक तिथं कुणीतरी बेरीज तपासत असावं.

मग तोंडाचा प्रश्न निघाला. बाकाचं तोंड कुणीकडं? चढाकडं केलं तर वरच्यांचं, उताराकडं केलं तर खालच्यांचं. दोन्ही गटांचे माजी नगरसेवक वेगवेगळ्या दिवशी येऊन, चहा घेऊन, सहज विचारल्यासारखं विचारून गेले. अण्णांनी तोडगा काढला. बाकाची पाठ शाळेच्या भिंतीला आणि तोंड सरळ रस्त्याकडं. म्हणजे बसणाऱ्याला समोर फक्त गटार आणि एसटी दिसेल. दोन्ही निःपक्ष.

सातव्या महिन्यात परवानगी आली. शिरोलीच्या रस्त्याला सिमेंटचे बाक ओतून देणारे एक पावणं होते, त्यांच्याकडनं ज्ञानूच्या टेंपोतनं बाक आला. उतरवून बघितलं तर अक्षरं सुबक होती : 'कै. सौ. त्रिशला नेमगोंडा मगदूम यांच्या स्मरणार्थ.' पण त्याच्या खाली आणखी एक शब्द होता : 'सौजन्य', त्यापुढं दोन टिंबं, आणि पुढं कोरी जागा.

अण्णांनी शिरोलीला फोन लावला. पावणं म्हणाले, "साचाच तसा हाय की ओ. आजवर एकबी बाक बिनसौजन्याचा गेला न्हाई हितनं. घाला की कुणाचंबी नाव."

अण्णांनी कुणाचंच घातलं नाही. आणि मरणापेक्षा, नावापेक्षा, तीन हजार बाळंतपणांपेक्षा त्या कोऱ्या जागेचीच गावात जास्त चर्चा झाली. यात अण्णांचा काहीतरी डाव असणार, याबद्दल दोन्ही गटांचं प्रथमच एकमत झालं.

उद्घाटन केलं नाही. स्मृतिदिनाला सकाळी अण्णांनी बाक ओल्या फडक्यानं पुसला आणि घरी येऊन खिडकीत बसले. पहिल्यांदा एक शाळेची पोरगी बसली आणि तिनं बुटाची नाडी बांधली. मग कोपऱ्यावर माळवं विकणारी विठाबाई मेथीची जुडी सोडवायला येऊन बसली. मग बाजाराच्या पिशव्या घेऊन दोन बायका. एक वरची, एक खालची. पिशव्या मध्ये ठेवून बसल्या, पण बसल्या. पंधरा दिवस असे गेले. अण्णा रोज सकाळी खिडकीत बसून कोण कोण बसलं ते बघायचे आणि चहा गार करून प्यायचे. वर्षभरात घरात पहिल्यांदाच त्यांना बरं वाटत होतं.

सोळाव्या दिवशी नगरपंचायतीची निवडणूक लागली.

वॉर्ड चार म्हणजे अण्णांचाच. वरच्या गटाकडनं हंबीररावांचा मुलगा यशराज उभा राहिला. खालच्याकडनं नाईकवाड्यांचा सम्राट. यशराजला कपबशी मिळाली. सम्राटलाही कपबशीच पाहिजे होती, नाहीतर शिट्टी. दोन्ही गेली. उरलेल्या यादीतनं चिठ्ठीनं जे चिन्ह हातात पडलं ते बघून तो कचेरीच्या पायरीवर डोकं धरून बसला, असं सांगतात. आई त्याला म्हणाली, "रडतोस कशाला गाढवा? आपलं चिन्ह कोपऱ्यावर पक्कं सिमेंटमध्ये उभं हाय. दुसऱ्या कुणाचं हाय का?"

सम्राटचं चिन्ह होतं बाक.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी खिडकी उघडली तर बाकावर कुणी बसलेलं नव्हतं. सम्राट त्याला हार घालत होता. पंचवीस पोरं मोबाइल धरून उभी होती. हार घालून झाल्यावर सम्राट तडक अण्णांच्या दारात आला आणि कुणी थांबवायच्या आत पायाला हात लावून मोकळा झाला. तोही फोटो निघाला. तासाभरात गावातल्या प्रत्येक मोबाइलवर आला : 'बसा निवांत, बाक आपलाच! नर्सबाईंचा आशीर्वाद, सम्राटदादांना साथ!'

दुपारी हंबीरराव आले. नेहमी ते भिंतीवरनं हाक मारायचे. आज दारानं आले.

"अण्णा, हे काय लावलंस?"

"मी काय लावलं? मी बाक लावला. तुझ्यापुढंच लावला."

"आरं पोरगं उभारलंय माझं! तुझ्या अंगाखांद्यावर वाढल्यालं पोरगं. आणि तू त्याच्यापुढं खालच्याचं चिन्ह बांधून ठेवतोस? सिमेंटमध्ये?"

"मला काय स्वप्न पडलं होतं का हंबीरराव, की बाक चिन्ह निघंल म्हणून?"

"तुला न्हाई पडलं, त्यांला पडलं असंल. ती जागा कुणासाठी कोरी ठेवलीयास, ते बोल की. गाव काय म्हणतंय ठावं हाय?" हंबीररावांचा आवाज एकदम खाली आला. "काढ तो. आठ दिवसांपुरता काढ. मग मी सोता बसवून देतो."

अण्णा काढायला तयार झाले. मित्र पन्नास-साठ वर्षांचा, बाक महिन्याभराचा. ते सयाजीकडं गेले. सयाजीनं आचारसंहितेचा कागद काढून दाखवला. सार्वजनिक ठिकाणी आता नवं काही बसवता येत नाही, बसवलेलं काढताही येत नाही. "आणि अण्णा," तो म्हणाला, "काढायचा फारम तर पुतळ्यालाबी न्हाई."

मग वरच्या गटानं तक्रार केली. कन्याशाळा हेच मतदानकेंद्र, आणि शंभर मीटरच्या आत उमेदवाराचं चिन्ह. पथक आलं. जीपमधनं एक साहेब उतरले, टेप लावून अंतर मोजलं. साडेनऊ मीटर. अण्णांना तिथंच नोटीस देण्यात आली आणि चोवीस तासांत खुलासा करायला सांगण्यात आलं. अण्णांनी पोस्टाच्या भाषेत दोन पानी खुलासा लिहून नेला. साहेबांनी तो वाचला.

"तुम्ही अर्ज केला तेव्हा हे चिन्ह आहे याची तुम्हाला कल्पना होती?"

"साहेब, तेव्हा निवडणूक होईल याचीच कुणाला कल्पना नव्हती."

"मग बाकच का? दुसरं काही का नाही? खुर्ची का नाही?"

"खुर्ची चालली असती का?"

साहेबांनी यादी बघितली. "नाही. खुर्ची वॉर्ड नऊला आहे."

खुलासा मान्य झाला, पण बाक झाकायचा हुकूम निघाला. नगरपंचायतीनं पांढरं मांजरपाट पाठवलं. दोन माणसांनी बाक त्यात गुंडाळला आणि सुतळीनं तीन ठिकाणी बांधला : डोक्याकडं, मधे आणि पायाकडं. अण्णांनी खिडकीतनं बघितलं आणि खिडकी लावून घेतली. अगदी तशीच बांधणी त्यांनी वर्षापूर्वी बघितली होती.

आणि बघणाऱ्याला दुसरं काही दिसतही नव्हतं. परगावचं माणूस एसटीतनं उतरलं की आधी चप्पल काढायचं आणि विचारायचं, "कोण गेलं?" एका म्हातारीनं येताजाता झेंडूचं फूल ठेवलं. ते बघून वरच्यांनी तक्रार केली की फुलानं चिन्हाकडं लक्ष वेधलं जातं. मग फूल ठेवू नये म्हणून एक होमगार्ड नेमला. त्याला दिवसभर बाकाजवळ उभं राहायचं होतं, आणि बाकावर बसायचं नव्हतं. तिसऱ्या दिवशी विठाबाईनं त्याला टोमॅटोचं रिकामं क्रेट दिलं. क्रेटचा रंग कुठल्या गटाचा, याची चौकशी झाली. क्रेट काढून घेतलं गेलं.

त्या दिवसांत अण्णांशी कुणी नीट बोललं नाही. खालचे जास्त गोड बोलायचे, ते तर त्याहून वाईट. न्हाव्यानं दाढी करता करता कानाशी म्हटलं, "आम्हांला म्हाईत होतं, तुमी मनानं आमचंच." हा खालच्यांचा न्हावी. पुढच्या वेळी अण्णा वरच्यांच्या न्हाव्याकडं गेले, तर त्यानं खुर्ची मोकळी असून पेपर वाचायला सांगितलं. घरी येऊन त्यांनी स्वतःच दाढी केली, आणि हनुवटीवर दोन ठिकाणी कापून घेतलं. हंबीररावांच्या घरातनं दर रविवारी येणारी दह्याची वाटी त्या रविवारी आली नाही. अण्णा दिवस मावळायच्या आत जेवतात, त्यामुळं ती वाटी नेहमी साडेपाचला यायची. साडेसहापर्यंत अण्णा भाकरी पुढ्यात घेऊन बसले आणि मग तशीच झाकून ठेवली.

मतदानाला अण्णा गेले. बरोबर कुणी नाही. रांगेत पुढचा माणूस दोन पावलं पुढं सरकला, मागचा दोन पावलं मागं. आत गेल्यावर यंत्रावर त्यांना बाकाचं चित्र दिसलं. लहानसं, काळं, अंगावर कापड नसलेलं. अण्णा त्याच्याकडं बघत राहिले. हा बाक त्रिशलेचा नव्हता आणि तरी सगळ्या गावानं तो तिचा केला होता. बाहेरनं आवाज आला, "काका, अडलं का काय?" अण्णांनी कपबशी दाबली. यशराजला त्यांनी सायकलच्या दांड्यावर बसवून बालवाडीत सोडलं होतं. ते पोरगं पडू नये, एवढाच त्यांचा विचार. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माणूस बघून मत टाकलं आणि कुणाला न सांगता घरी आले.

मतमोजणीत सम्राट अकरा मतांनी निवडून आला.

मिरवणूक कुठं जाणार हे कुणाला विचारायची गरज नव्हती. पोरांनी सुतळी दातानं तोडली, मांजरपाट ओढून काढलं, आणि सम्राट बूट घालून बाकावर उभा राहिला. हलगी, कैताळ, फटाके. पाटीनं गुलाल उधळला. अण्णा घराच्या पायरीवर उभे होते. ते पुढं गेले आणि म्हणाले, "आरं, बूट तरी काढ." पण त्या आवाजात स्वतःचं बोलणं त्यांनाच ऐकू आलं नाही. कुणीतरी त्यांच्या कपाळाला गुलाल फासला. नेमके त्याच वेळी हंबीरराव आपल्या दारात आले होते, आणि त्यांनी तो गुलाल बघितला.

अण्णा तसेच हंबीररावांकडं वळले. कपाळ बाहीनं पुसलं, ते आणखी पसरलं. आणि जे छत्तीस वर्षांच्या नोकरीत आणि त्यानंतर कुणाला सांगितलं नव्हतं ते त्यांनी भर रस्त्यात सांगितलं.

"हंबीर, मी यशराजला टाकलं. आईशप्पत. कपबशी दाबली मी."

हंबीररावांनी त्यांच्याकडं बघितलं. रागही नव्हता चेहऱ्यावर.

"अण्णा, सकाळपासनं दीडशे जणांनी मला हेच सांगितलंय," ते म्हणाले. "समद्यांनी टाकलं असतं, तर पोरगं आलं असतं की." आणि दार लावून घेतलं.

आठवड्याभरानं कोऱ्या जागेत रंगानं अक्षरं आली. 'सौजन्य : मा. सम्राटदादा नाईकवाडे, नगरसेवक, वॉर्ड क्र. ४.' अण्णा सम्राटकडं गेले. त्यानं बसायला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि मनापासून म्हणाला, "अण्णा, रिकामं बरं दिसत न्हवतं. लोक काय काय बोलत हुते तुमच्याबद्दल. आता कुणाचं तोंड उघडंल का?" पोरगं खोटं बोलत नव्हतं. त्याला खरंच वाटत होतं की आपण उपकार केले. अण्णा चहा पिऊन परत आले.

आता त्या बाकावर खालचेच बसू लागले. बाजाराच्या पिशव्या घेतलेली वरची बाई रस्त्यापलीकडं उन्हात उभी राहायची. पुढं पुढं खालचेही बसेनात, कारण बसलेला माणूस सम्राटकडं काहीतरी मागायला आलाय, असा अर्थ होऊ लागला. बाक रिकामा पडला. गुलाल मात्र अक्षरांत घट्ट बसला होता.

एका सकाळी अण्णा बादली आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन गेले आणि नावातला गुलाल काढायला बसले. 'त्रि' मधला निघाला. 'श' चा गाठीतला निघेना. विठाबाई आपलं पोतं सोडून आली, कमरेचं फडकं ओलं करून 'मगदूम' पुसू लागली.

"अण्णा, एक बोलू का?" ती म्हणाली. "राग मानू नगासा."

"बोल."

"बाई असत्या तर ह्याच्यावर बसल्या नसत्या."

अण्णांनी ब्रश थांबवला.

"बावीस वर्सं बघितलंय मी. गाडी कधी अर्धा तास लेट, कधी तास. शिंत्र्यांची मालकीण रोज कट्ट्यावरनं हाक मारायची, या की बाई, टेका जरा. नाईकवाड्याचं दुकान हितं, त्यांची बाई बी स्टूल द्यायची. एकदा पाय सुजल्यालं, मीच म्हटलं, माझ्या पोत्यावर तरी बसा. तर म्हणल्या, विठाबाई, तुझं पोतं शिंत्र्यांच्या कट्ट्याला टेकलंय गं. उद्या लोक म्हणत्याल पोस्टमास्तरांची बायको वरच्यांत बसती. म्हणल्या, आमच्या ह्यांनी सांगितलंय, कुणाच्या कट्ट्यावर बसायचं न्हाई." विठाबाईनं फडकं पिळलं. लाल पाणी गटारात गेलं. "त्या आपल्या एसटीच्या खांबाला हात लावून उभ्या राहायच्या. एवढंच."

अण्णांना आठवलं. कुठल्या साली ते आठवेना, पण आपण जेवता जेवता बोललो होतो हे आठवलं. आपलं नाव स्वच्छ आहे, कुणाच्या कट्ट्यावर बसू नकोस. भाकरी वाढत होती ती. बरं, म्हणाली. एवढ्यावर विषय संपला होता. दोन याद्यांतलं ते प्रश्नचिन्ह त्यांनी अभिमानानं मिरवलं, आणि ते बाईनं बावीस वर्षं गुडघ्यांवर पेललं होतं.

"तू आधी का सांगितलं नाहीस?"

"मला कुणी इच्यारलं? तुमी तर बाक घालतो म्हणून फारम भरत हिंडत हुता."

अण्णांनी 'श' ची गाठ सोडून दिली. ती अजूनही गुलाबीच आहे.

महिन्याभरानं, सकाळच्या पारी, ते दूध आणायला निघाले तर कोपऱ्यावर हंबीरराव उभे दिसले. अंगावर इस्त्रीचा सदरा, हातात पिशवी आणि एक्स-रेचा मोठा लिफाफा. उजव्या पायावर भार न देता उभे होते, एक हात खांबाला. शेजारी बाक रिकामा. अण्णा जाऊन बाकावर बसले. दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही.

अण्णा म्हणाले, "कुठं निघालास?"

"कोल्हापूर. गुडघा. डाक्टर म्हणतोय बदलाय पायजे."

"यशराज गाडीनं सोडतो की."

"त्यानं फटफटी इकली. पडल्यापासनं घरातनं भाईर येत न्हाई." हंबीररावांनी पाय बदलला आणि तोंड वाकडं केलं.

"बस की. गाडीला वेळ आहे."

"ह्याच्यावर?" हंबीररावांनी सौजन्याच्या अक्षरांकडं बघितलं. "मेलो तरी न्हाई."

अण्णांनी थोडा वेळ समोरच्या गटाराकडं बघितलं. मग दोन्ही हात मांड्यांवर टेकून ते उठले आणि हंबीररावांच्या बाजूला जाऊन उभे राहिले. हंबीररावांनी खांबावरचा हात थोडा वर सरकवला. खाली अण्णांच्या हाताला जागा झाली.

पलीकडनं विठाबाई ओरडली, "आरं बसा की दोघं म्हातारी! मोकळा हाय बाक!" कुणी तिकडं लक्ष दिलं नाही.

गाडी पस्तीस मिनिटं उशिरा आली. हंबीररावांना पायरी चढेना. अण्णांनी खाकेत हात घालून त्यांना वर लोटलं. आतनं कंडक्टरनं ओढलं. लिफाफा खाली पडला होता, तो अण्णांनी खिडकीतनं दिला. हंबीररावांनी घेतला आणि धरूनच ठेवला, अर्धा आत, अर्धा बाहेर.

"अण्णा."

"काय?"

"खरंच टाकलंतंस?"

"व्हय."

कंडक्टरनं घंटी मारली. हंबीरराव मनातल्या मनात काहीतरी मोजत असल्यासारखे ओठ हलवत होते.

"म्हंजी तू नसतास," ते म्हणाले, "तर बारानं पडलं असतं पोरगं."

गाडी हलली. अण्णा हात वर करून उभे राहिले, आणि दूध आणायचं विसरून घरी आले.